गाडीतली जपानी बाई

खाडीपलीकडे नेणाऱ्या लिकोनीच्या फेरीबोटीसाठी गाड्या रांगेत उभ्या होत्या. वारा खायला उतरलेल्या, कमरेला पिवळा लेसो गुंडाळलेल्या एका म्हातारीला आपल्याच गाडीचं दार उघडेना. मागच्या गाडीतला तरुण मदतीला आला. काजू विकणारा कोम्बो त्यांचं बोलणं ऐकत तिथेच रेंगाळला.

“किती दाबली बाबा, चावी ऐकतच नाही.”

“अगदी जवळ नेऊन दाबा, मावशी. हं, उघडलं. चावीतला सेल उतरलाय. गाडी बंद केली की आतली जपानी बाई काही बोलते का?”

“बोलते तर! इतक्या गोड आवाजात.”

“तेच सांगते ती. सेल बदला म्हणते. मी बंदरात जपानहून आलेल्या ह्याच गाड्या उतरवतो.”

“काहीतरीच! काल म्हणाली, लाल लेसो तुला शोभून दिसतोय.”

“ती असं म्हणते, हे कुणी सांगितलं?”

“आमचे हे. निळा नेसले की निळा म्हणायचे. जाईपर्यंत रोज सांगायचे.”

“म्हणजे सेल तेव्हापासूनच उतरलाय. त्यांना जपानी कळत नसेल, मावशी.”

“कळत नसेल कसं? उभा जन्म जपानच्या जहाजांवर आचारी होते.”

तरुणाने तिच्या हातातल्या चावीकडे पाहिलं.

“काय झालं रे?”

“काही नाही. पलीकडे घड्याळवाल्याकडे सेल मिळेल. लगेच बसवून देईल.”

“आणि मग ती बाई?”

“मग नाही बोलणार.”

बोटीचा भोंगा वाजला, पुढच्या गाड्या हलल्या. म्हातारीने गाडी सुरू केली आणि लगेच बंद केली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

“अहो मावशी, चला ना!”

“थांब रे. ऐकलंस? आज पिवळा म्हणाली.”