हिरवा दिवा नऊ वेळा लुकलुकला

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. चौथा मजला, मागची खोली. बाहेर बेचाळीस अंश, आत पंचवीस. एसी बंद पडला.

आता नुसता बंद पडला असता तर मी तुमच्यासमोर उभा राहून घसा कशाला कोरडा केला असता? माणसं पडतात, पूल पडतात, सरकारं पडतात, एसीनंच कुणाचं घोडं मारलंय! पण नाही... तो बंद पडला आणि डोळे मिचकावायला लागला. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या खोक्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा दिवा. लुक, लुक, लुक... मग गप्प. पुन्हा लुक, लुक, लुक. अरे, काय झालंय ते सरळ सांग ना! चाळीस वर्षं बातमीदारी केली मी. ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून दार लावून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून मी दाराच्या फटीतून दोन वाक्यं काढलीत. आणि हा दिवा माझ्याच घरात, मीच वीज पुरवतोय, आणि मलाच सांकेतिक भाषेत बोलतोय!

मी घाबरलो नव्हतो, हे आधी लिहून घ्या.

पण खोलीत आई होती. वय ब्याऐंशी. खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितलेल्या. एक, घाम येता कामा नये, टाके ओले झाले तर जखम चिघळेल, खोली गार ठेवा. दोन, दोन धडधाकट माणसं असल्याशिवाय तिला हलवायचं नाही, म्हणजे नाही. आणि दुपारी दोन वाजता घरात धडधाकट माणसं किती? शून्य. मी होतो, पण मला मणक्याचा त्रास आहे.

बायको लॅबमध्ये, कामावर. तिला फोन लावला. ती म्हणाली, “अहो, हे बघा, तुम्ही काही करू नका. कशाला हात लावू नका. कंपनीला फोन करा आणि गप्प बसा.” मी म्हटलं, “अगं, दिवा लुकलुकतोय.” ती म्हणाली, “लुकलुकू दे. तुम्ही नका लुकलुकू.” ठेवला फोन! सव्वीस वर्षांचा संसार, तुम्हाला सांगतो...

मग मी दिव्यासमोर उभा राहिलो आणि लुकलुकणं मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊ. म्हटलं, चला, आकडा हाती लागला, आता अर्थ काढू. मोबाइलवर शोधलं, ‘एसी, दिवा, नऊ वेळा’. तर काय विचारता! एका कंपनीत नऊ म्हणजे जाळी धुवा. दुसरीत नऊ म्हणजे पाणी तुंबलं. आणि तिसरीत नऊ म्हणजे... गॅसगळती, खोली रिकामी करा. आता मला सांगा, अंक तोच, दिवा तोच, वीज तीच, मग या कंपन्यांना एकत्र बसून एक नऊ ठरवता येत नाही? लाल सिग्नल एका चौकात ‘थांबा’ आणि पुढच्या चौकात ‘टायर धुवा’, असं चालेल का?

आणि तीन शक्यता समोर असल्या की मी सगळ्यात वाईट ती उचलतो. त्याला तुम्ही भित्रेपणा म्हणाल, आम्ही त्याला पहिलं पान म्हणतो.

गॅसगळती! पुढं वाचलं. हा गॅस दिसत नाही. वास नाही. हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नव्या एसीत असतो तो तर पेटूही शकतो. मी आईच्या पलंगाकडं पाहिलं. उंची दीड फूट! आई झोपेत पडली तरी फार लागू नये म्हणून मीच मुद्दाम बुटका पलंग आणला होता!

मी घाबरलो नव्हतो. मी फक्त गुडघ्यांवर बसून फरशीचा वास घेत होतो.

आई म्हणाली, “काय हरवलंय?”

“काही नाही. तू झोप.”

“माझ्या खाटेखाली तू कुत्र्यासारखा हुंगत फिरतोयस आणि मी झोपू?”

वास येत नव्हता. आता येत नव्हता म्हणजे गॅस नव्हता का? नाही! या गॅसला वासच नाही! म्हणजे वास येत नाही याचाच अर्थ... कळतंय ना तुम्हाला? मला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की माझे कान गरम झाले. धडपडत उठलो, खिडक्या सताड उघडल्या. बेचाळीस अंशांची झळ आत. दोन मिनिटांत आईच्या कपाळावर घाम. टाके! खिडक्या लावल्या. गॅस! उघडल्या. घाम! लावल्या. गॅस! मंडळी, मी त्या खिडकीला असा चिकटलो होतो की समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटलं मी त्यांना खाणाखुणा करतोय. त्यांनी पडदा ओढला.

मग कंपनीला फोन. आधी अर्धं मिनिट संगीत. मग एक पोरसवदा, गोड आवाज: “आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सर, दिवा किती वेळा लुकलुकतोय?”

“नऊ.”

“सर, नऊ हा आकडा आमच्या यादीत नाहीये.”

ऐकलंत? यादीत नाही! अहो, डॉक्टरनं तपासून म्हणावं की तुमचा आजार पुस्तकात नाही, तर माणूस सुखानं घरी जाईल की जागीच बसेल? मी म्हटलं, “बाई, यादीत नाही म्हणजे यादीत असण्याच्या पलीकडचं आहे का?” ती म्हणाली, “सर, तुम्ही एकदा मेन स्विच बंद करून, पाच मिनिटं थांबून, पुन्हा चालू करा.” “त्यानं काय होईल?” “सर, बऱ्याचदा जातं.” “काय जातं?” “लुकलुकणं, सर.”

केलं. पाच मिनिटांनी एसी घुरघुरला, गार वारा सुटला, आईनं डोळे मिटले, मला एवढा आनंद झाला की मी त्या आवाजाला “सुखी राहा, बाळ” म्हणालो. आणि दोन मिनिटांनी... टक्! लुक, लुक, लुक.

“सर, पुन्हा एकदा करून बघा.”

पुन्हा केलं. पुन्हा टक्. मंडळी, मी हे पाच वेळा केलं. पाच! मंत्र्याच्या घरी पाच वेळा घंटी वाजवून जो माणूस सहाव्यांदा फाटकावरून उडी मारायचा, तो मी, एका पोरीच्या सांगण्यावरून स्विच खालीवर करत होतो. आई मधेच म्हणाली, “बाहेर काहीतरी तडतडतंय रे.” मी म्हटलं, “ऊन आहे, पत्रे तापलेत.” अभ्यासू उत्तर! कुठले पत्रे? चौथ्या मजल्यावर पत्रे आहेतच कुठं?

मी घाबरलो नव्हतो, माझ्या तोंडाला कोरड पडली होती, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

सहाव्यांदा स्विचवर हात ठेवला, तेवढ्यात आई म्हणाली, “किती मोजलेस?”

“नऊ.”

“नऊ नाहीत.”

आता माझी आई कोण, ते सांगायला हवं. तार ऑफिसात चौतीस वर्षं. लहान ठोका, मोठा ठोका, मधली जागा, हे ऐकून ऐकून तिनं हजारो तारा उतरवल्यात. आमच्या लहानपणी नळ गळायला लागला तरी ती मान तिरकी करून ऐकायची. पण मी काय म्हणालो? “आई, मी दोनदा मोजलेत. तू पडून आहेस, चष्मा नाही...”

“चष्मा वाचायला लागतो. दिवा पेटतोय की विझतोय हे मला दिसतं. ऐक.” आणि खाटेच्या दांड्यावर बोटाच्या पेरानं वाजवायला लागली. टक टक टक टक टक टक. थांबली. टक टक टक. बराच वेळ थांबली. पुन्हा टक टक टक टक टक टक. थांबली. टक टक टक.

“सहा. मग तीन,” ती म्हणाली. “मधली जागा कुठं टाकलीस?”

मी दिव्याकडं पाहिलं. जागा होती! श्वास घेण्याएवढी. मी ती सरळ गिळली होती. अहो, आमच्या धंद्यात माणूस बोलता बोलता थांबला की आम्ही तेवढं गाळतो. पानात जागा कुठं असते थांबण्याला? चाळीस वर्षं गाळत आलो, इथंही गाळलं, आणि सहा अधिक तीन नऊ करून खाली माझ्या नावानं छापलं!

आई म्हणाली, “आमच्या ऑफिसात एकानं असंच केलं होतं. ‘दोन, तीन वाजता’ अशी तार. माणसं दोन येणार, वेळ तीनची. त्यानं घेतलं ‘तेवीस’. त्या घरी तेवीस माणसांचा स्वयंपाक झाला.”

“मग?”

“मग काय, दोघं तीन दिवस तेच जेवले. तू आधी स्विचवरचा हात काढ आणि पुस्तक काढ.”

एसीची पुस्तिका! प्रत्येक घरात असते, प्रत्येक घरात हरवलेली असते. आमची सापडली, जुन्या रिमोटांच्या ड्रॉवरमध्ये, सेल गळून चिकटलेली. चौदा भाषा. आपली शेवटून दुसरी. ‘सहा, तीन’. बोट ठेवून वाचलं: ‘आतील व बाहेरील यंत्रांमधील संपर्क तुटला आहे. तारजोडणी तपासावी.’ मला एवढं हायसं वाटलं! गॅस नाही, साधी तार! पुढं वाचलं. ‘यंत्र पुन्हा पुन्हा चालू करू नये.’

पुन्हा पुन्हा. चालू करू नये.

मी पाच वेळा चालू केलं होतं. आणि माझा दुसरा हात पुन्हा स्विचवर गेला होता.

“काढ,” आई म्हणाली. हळू बोलली. ती हळू बोलली की मी आजही सात वर्षांचा होतो. काढला हात. एसीचा मेन पाडला. आणि तेव्हा वास आला. एवढा वेळ फरशी हुंगून आला नव्हता, तो आता आला. प्लॅस्टिकचा. जळक्या.

एसीचं बाहेरचं यंत्र, तो पंख्याचा मोठा खोका हो, आमच्या मागच्या गॅलरीत आहे. आईच्या उशापासून भिंतीपलीकडं दोन हातांवर. मी गॅलरीचं दार उघडलं. खोक्याच्या बाजूच्या झाकणाच्या फटीतून धुराची एक रेघ निघत होती. बारीक. अगदी उदबत्तीएवढी. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो. मेन बंद होता, तरी ती निघतच होती. थांबेल की वाढेल? आत एक बाई जिला एकट्यानं हलवायचं नाही. चार मजले. मी मनात तिला उचलून बघितलं. दारापर्यंत पोचलो, जिन्यात मणका गेला. पुन्हा उचलून बघितलं...

मी घाबरलो होतो. हेही लिहून घ्या.

पाच मिनिटांनी रेघ विझली. ती पाच मिनिटं मी आईला काय सांगत होतो? “काही नाही, काही नाही, काही नाही.” ती म्हणाली, “इतक्या वेळा ‘काही नाही’ म्हणायला लागतंय म्हणजे बरंच काही दिसतंय.”

कंपनीचा माणूस चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत येणार होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मिस्त्रीला बोलावलं. तो वीस मिनिटांत आला, खिशात स्क्रूड्रायव्हर, कानावर पेन. आधी आईच्या खोलीत डोकावला, “आजी, पंखा लावू का?” मग टेबलफॅनसमोर पाण्याचं भांडं ठेवून वारा तिच्या पायांकडं वळवला. मला चार हजार शब्द वाचून हे सुचलं नव्हतं. मग गॅलरीत गेला, झाकण उघडलं आणि शीळ घातली.

आत तारांचा सांधा कोळशासारखा काळा. वरचं प्लॅस्टिक वितळून गळालेलं. “सांधा ढिला होता, साहेब. दोन वर्षं थोडा थोडा तापत आला असणार. दर वेळी चालू केलं की ठिणगी. अजून एकदा केलं असतं ना...”

“तर काय?” मी विचारलं. मला अर्धं वाक्य सहन होत नाही.

“तर तुम्ही मला बोलावलं नसतं. बंबवाल्यांना बोलावलं असतं.”

तासाभरात नवा सांधा, नवी तार. एसी चालू. दिवा स्थिर. आई झोपली. टाके कोरडे. आणि मिस्त्री जाता जाता म्हणाला, “साहेब, याची सर्व्हिस करून घेत नाही का तुम्ही?”

घेत नाही? मी? अहो, आईला घरी आणायच्या आठवडाभर आधी कंपनीचा माणूस येऊन गेलेला! पावती आहे माझ्याकडं! काढली. छापील यादी, समोर बरोबरच्या खुणा. ‘जाळी धुतली.’ ‘पाणी तपासले.’ ‘बाहेरील यंत्र उघडून तारजोडणी घट्ट केली.’ बरोबर!

मिस्त्रीनं वाचलं आणि झाकणावरून काढलेली एक कागदी पट्टी माझ्या हातात ठेवली. यंत्र बसवलं त्या दिवशी झाकणाच्या फटीवर चिकटवलेली. तारीख दोन वर्षांपूर्वीची. “ही मी आत्ता कापली, साहेब. माझ्याआधी कुणी झाकण उघडलेलं नाही.”

बस्स! मग मी चाळीस वर्षांचा आवाज काढला. कंपनीला फोन. तोच गोड गळा. मी म्हटलं, “बाई, न उघडलेल्या खोक्यातली तार घट्ट केली असं तुमच्या माणसानं लिहून दिलंय, त्या भिंतीला लागून एक म्हातारी बाई झोपते, मला त्याचं नाव हवं, त्याच्या साहेबाचं हवं, आणि हे खोटं कुणी लिहिलं त्याचं उत्तर हवं, लेखी!”

ती जरा थांबली. आणि ही जागा मी गाळत नाही, बरं का. मग म्हणाली, “सर, नाव मला देता येत नाही. पण त्या कागदावर दोन सह्या असतात. एक तंत्रज्ञाची. आणि दुसरी, ‘सर्व कामे माझ्यासमोर झाली’ याखाली, ग्राहकाची. ती कुणाची आहे, सर?”

मी पाहिलं. त्या दिवशी तो माणूस कागद पुढं करून उभा होता आणि मी फोनवर कुणालातरी बेजबाबदारपणाबद्दल झापत होतो.

“सर? ऐकताय ना?”

आज त्याला एकवीस दिवस झाले. पट्टी माझ्याकडं आहे, कागदही आहे. कागदावर दोन सह्या आहेत. पहिली कुणाची ते कंपनी सांगत नाही. दुसरी कुणाची ते मी.