सिरसाळ्याचं गिऱ्हाईक

— न्हाई न्हाई, तुमी उठू नका, तिथंच सावलीत बसा. हात मी लावतो, तुमी फक्त बघा. बघायलाच आलात न्हवं? म्हंजे मोटरसायकल कशी दुरुस्त होती ते बघायला. पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचे म्हणलात, बदलतो. हे दोन बोल्ट ढिले केले की हा कॅलिपर आख्खा हातात येतो. चिमटाच हाय हा — चाकाची ही डिस्क दोन्हीकडून दाबून धरतो अन् गाडी थांबती. हसायलो कावून म्हणता? मी कुठं हसायलो, माझं तोंडच असं हाय. म्हंजे आज हाय. एरवी मी लई गंभीर माणूस, युसूफ वडगावात कुणालाबी विचारा मतीन मिस्त्री कसा हाय — पण ते तर तुमी विचारलंच. कोपऱ्यावरच्या टपरीत विचारलंत ना, मिस्त्री गुटखा खातो का, पत्त्यात बसतो का, दुकान टायमावर उघडतो का? टपरीवाला परमेश्वर लगेच पळत आला सांगायला. ब्रेक बदलायच्या आधी मिस्त्रीचा गुटखा विचारणारं गिऱ्हाईक मी तरी पहिल्यांदाच बघायलो.

नाव काय म्हणलात तुमचं? मोहनराव. बरं, मोहनराव तर मोहनराव. मी न्हाई कशाला म्हणू? अन् राहायला सिरसाळ्याला. बघा की, सिरसाळ्याहून इथवर किती गॅरेजं लागली असतील वाटंत, बोर्ड लावलेली, पंखे असलेली — एकाबी ठिकाणी गाडी थांबवू वाटली न्हाई तुमाला. नशीब माझं. हे निघाले पॅड, घ्या हातात. बोट फिरवून बघा, अजून अर्धेबी झिजले न्हाईत. दुसरं कुणी असतं तर म्हणलो असतो, पुसून परत बसवतो, जावा घरी. पण मग तुमाला इथं बसायला निमित्त काय ऱ्हातं? म्हणून बदलतो. जुने कागदात बांधून देतो, ठेवा घरी, फुडच्या बारीला कामी येतील.

आमच्या लोकांत एक रीत हाय, मोहनराव. तुमच्यात असती का न्हाई, मला काय ठाऊक. पोरगी बघायला चार माणसं मिठाई घेऊन उजळ माथ्यानं जातात, अन् पोरगा बघायला एकटा माणूस गिऱ्हाईक होऊन येतो. गुपचूप. आमचे अब्बा, खाजामियाँ, फळाचा गाडा लावायचे तवा आमचे नाना, अम्मीचे अब्बा, असेच आलते, टरबूज घ्यायला. अब्बानं ठोकून ठोकून निवडून दिलं, लालभडक निघंल म्हणाले. घरी जाऊन कापलं तर पांढरं. तरीबी नानानं पोरगी दिली. कावून दिली? तर म्हणाले, पोराला टरबुजातलं कळत न्हाई, पण तोंडावर लबाडी न्हवती. असा हिशोब असतो बघा मोठ्या माणसांचा. म्हणून मी म्हणतो, माणसानं येऊन बघावं. खुशाल बघावं. आत्ता हा पिस्टन मागं ढकलतो, नवे पॅड जाड असतात ना, त्यांना जागा करावी लागती. बघा, कसा मऊ गेला मागं.

आला का चहा? ये हनुमान, इकडं दे. तो बिन साखरेचा पाव्हण्यांना, साखरेचा मला. घ्या, मोहनराव. असं काय बघायलेत? बिन साखरेचाच लागतो न्हवं तुमाला? तुमी सांगितलं न्हवतं? सांगितलं असंल की. न्हाई? मग मला कसं — त्याचं असं हाय, तुमच्या वयाला बघून एक अंदाज. अन् असं बघा मोहनराव, चहा उचलताना तुमीबी हळूच बिस्मिल्ला म्हणलात, ते मी ऐकलंच न्हाई असं धरतो. मग तुमीबी साखरेचं सोडून द्या.

न्हाई, ऱ्हाऊ द्या. मला जमत न्हाई असलं. सकाळपासून तीनदा हात धुतले, दोनदा भांग पाडला, समोरच्या चारावाल्या अभिमन्यूनं विचारलं सुद्धा की मिस्त्री, ईद हाय का आज. तुमी हीनाचे मामू हायत. हीनाचं स्थळ आणणाऱ्या बांगडीवालीनं आमच्या अम्मीला सांगितलं होतं की या हप्त्यात पोरीचा मामू येऊन बघून जाणार म्हणून. आता साखरेचं बांगडीवालीला काय ठाऊक? ते हीनानं सांगितलं. फोनवर. म्हंजे फोन असा काय रोज न्हाई होत. होतो. रोजच होतो.

मामू, रागावू नका, आधी ऐका. तिची खाला हितं मशिदीमागं ऱ्हाती, तुमची बहीणच की ती. तिच्याकडं आलती हीना, स्कुटी घेऊन, ब्रेक वाजतोय म्हणली. मी साफ करून दिला. दुसऱ्या दिवशी हजर — ब्रेक लागत न्हाई म्हणली. बघतो तर ब्रेकची तार ढिली. आता तार कुठं आपली आपण ढिली होती? नटावर पान्याचा ताजा ओरखडा. पोरीनं स्वतःच्या हातानं ढिली केली अन् तशीच चालवत आली. मी आवळून दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, तवा मी म्हणलो, पान्याला पान्यासारखं धरायचं, अशानं नट झिजतो. लाजंल म्हणलं तर लाजली न्हाई, उलट म्हणली, मग शिकवा. आत्ता तुमीच सांगा, चांगल्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करायला आणायची रीत तुमच्या घरातच हाय का न्हाई?

हसलात. दाढीत हसलात, मी बघितलं. मामू, तिचे अब्बा म्हणलेत की मामू हो म्हणंल तर हो. ते बीडचं स्थळ हाय ना मोबाईलच्या दुकानाचं, काचेचं दार, आत गारगार — ते मला ठाऊक हाय. माझ्याकडं हे पत्र्याचं शेड हाय. पण लई जीव हाय माझा तिच्यावर. तुमी न्हाई म्हणलात तर मी काय करीन, मला खरंच सांगता येत न्हाई. तुमच्या एका शब्दावर अडकलंय सगळं. बोला की कायतरी. उठलात कावून? थांबा, बोल्ट तर आवळू द्या. हा एक, हा दुसरा. झालं. चावी गाडीलाच हाय. पैशाचं काढू नका मामू, मेहरबानी करा, खिशातला हात भायेर घ्या. ट्रायल मारून या रस्त्यापर्यंत. अन् येताना हो घेऊन या, न्हाईतर — न्हाईतर काय, न्हाई घेऊन या. पण या.

मामू. ओ मामू, थांबा. पुढचा ब्रेक दाबू नका. लिव्हर — अहो लिव्हर दाबायची ऱ्हायली — मागचा दाबा, पायाचा, पायाचा —

हालू नका. हालू नका, मी आलो. लागलं का? गुडघा वाकवून बघा. बरंय. अल्लाचं लाख लाख शुकर, अभिमन्यूनं उसाचं वाढं रस्त्याच्या कडंला टाकलं होतं, गादीच झाली. अभिमन्यू, तू हसू नको, पाणी आण आधी. चूक माझी हाय मामू. पिस्टन मागं ढकलला की हातानं लिव्हर पाच-धा बार दाबायची असती, मगच ते पॅड डिस्कला जाऊन भिडतात. तोवर ब्रेक नुसता पोकळ. काल लागलेला कारागीरसुद्धा हे इसरत न्हाई. मी इसरलो. तुमाला बघून इसरलो. द्या शिव्या, द्या. चपलीनं मारा. मराठी सोडून आपल्या बोलीवर आलात ना, बरं झालं, तिच्यात शिवी कशी भरून निघती. हां. हां, गधा हाय मी. अंधा बी हाय. आमचे अब्बाबी हेच म्हणतात.

काय? आत्ता काय म्हणलात? ‘ऐसे दामादकू तो उल्टा लटकाना.’ दामाद म्हणलात, मामू, जावई! न्हाई कसं, म्हणलात, हा अभिमन्यू हाय की साक्षीला, तो ऐकत उभा हाय. लटकवा, या लिंबालाच लटकवा, दोरी मी आणून देतो. पण तो पहिला शब्द एकदा परत म्हणा. उगंच, मला ऐकायचाय. न्हाई म्हणणार? बरं. एकदा म्हणलात, बस झालं. तोंडावरचं वाढं काढा. गाडीकडं जाऊ नका, बसा हितंच, मी लिव्हर दाबून आणतो. अन् आता मी गप बसतो.