माळावरची आणि ओढ्याकडची अंगणवाडी

वैजंता नारायणगावच्या स्टँडवर तीन वर्षांच्या रूपालीला मांडीवर घेऊन बसली होती. नव्या वस्तीवर राहायला आल्यापासून उसातला बिबट्या तिच्या डोक्यातून हलत नव्हता, आणि सोमवारी पोरीला अंगणवाडीत घालायचं होतं. जवळच्या अंगणवाड्या दोनच. बाकावर शेजारी बसलेल्या हौसाबाई आणि साळुबाई नेमक्या त्याच तोलत होत्या.

“आमच्या माळावरच्या अंगणवाडीत खिचडी लई चांगली, साळुबाई.”

“आन् दार?”

“दार न्हाई. बाई दारात आडव्या बसत्यात.”

“केवढ्याशा हायेत बाई?”

“बारीकच. पन आवाज मोठाय.”

“आवाजाला बिबट्या वाघ भितो व्हय, हौसाबाई? आमची ओढ्याकडची पोरं पिंजऱ्यात बसत्यात.”

“कसल्या पिंजऱ्यात?”

“वाघासाठी आणल्याला. दोन महिनं वाघ काय आत गेला न्हाई. मंग बाई म्हनल्या, रिकामा कशाला ठिवायचा? पोरं आत घालायची आन् कडी लावायची.”

“अगं बया! आन् वाघाला भुलवायला आत बांधल्याली शेळी?”

“ती बी आतच. गाण्याला मान हलवती.”

“आन् वाघ?”

“येतो की. परवा पिंजऱ्याभवती फिरून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.”

“कुनी रडलं न्हाई?”

“फकस्त बाई. कडी लावायला कुनीतरी भाईर ऱ्हायाच पायजे ना!”

वैजंतानं रूपालीला घट्ट आवळलं.

“मावशी, त्या पिंजऱ्यात अजून एकीची जागा निघंल का?”

साळुबाईंनी रूपालीला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

“शेळी काढली तर निघंल.”