हात खाली, मान ताठ

…आणि वरून म्हणतात काय, तर हात हलवायचे नाहीत! आता मला सांगा, अमरावतीत वाढलेली, पातूरला दिलेली बाई, अन् हात न हलवता? अहो, आमच्याकडे साधं ‘नाही’सुद्धा कोपरापासून म्हणतात, माझी आई फोनवर पत्ता सांगताना पलंगावरून उठून खरोखर डावीकडे वळते, आणि ही लाल केसांची बाई मोबाईलमधून मला सांगते, पाय कितीही उडू द्या, वरती काही कळता कामा नये. हात खाली, मान ताठ, चेहरा जसाच्या तसा! म्हणजे कमरेखाली बँडबाजा आणि कमरेवर शोकसभा. अन् याला नाच म्हणतात! आयरिश नाच. आयर्लंडचा हो… तुम्ही कशाला गेला असाल तिथं? मी तरी कुठं गेले? आमचा विपुल गेलाय. गेल्या जूनमध्ये. ‘मी पुढं जाऊन घर बघतो, तुम्ही दोघी मागून या’ म्हणाला. दोघी म्हणजे मी आणि जाई, चार वर्षांची. आता मे चाललाय. आम्ही अजून मागूनच आहोत.

तर डिसेंबरात त्यानं एक व्हिडिओ पाठवला. ऑफिसची पार्टी, पंधरावीस जणांचं रिंगण, सगळे एकमेकांचे हात धरून उड्या मारतायत, आणि त्यात आमचे हे! तुम्हाला सांगते, हा माणूस स्वतःच्या वरातीत नाचला नाही. मित्रांनी घोड्यावरून खाली ओढला तर रुमालाची घडी करत उभा राहिला. तो तिथं नाचत होता, आणि हसत होता. कसा म्हणता! असं हसणं मी लग्नाच्या अल्बममध्ये शोधून आले, दोनदा, नाही सापडलं. खाली लिहिलं होतं, ‘इथं सगळे फॅमिलीसकट येतात, तुम्ही आल्या की मजा.’ झालं! मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मधोमध रिंगण, रिंगणात विपुल, आणि आम्ही मायलेकी भिंतीला टेकून, हातात प्लॅस्टिकचा पेला, ओळखीचं हसायचं तरी कोणाकडे बघून? मी तेव्हाच ठरवलं, शिकायचं. कोणी विचारलंच तर म्हणायचं, जाईसाठी शिकते. सगळं लेकरासाठी म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

बूट नव्हते. विपुलचे ऑफिसचे काळे बूट इथंच राहिलेत, नऊ नंबरचे, त्यात मोजे कोंबले आणि स्टँडाजवळ बूट शिवणाऱ्या श्यामभाऊंकडे नेले, म्हटलं, खालून लोखंडी नाल मारून द्या. ते माझ्याकडे बघतात, बुटाकडे बघतात. “साह्यबाचे दिसतेत… साह्यब पोलिसात लागले का?” मी म्हटलं, नाही, मलाच घालायचेत. बिचाऱ्यांनी मग दोन खिळे जास्तीचे मारून दिले.

आणि मग ती स्टेप! पंजा पुढं फटकारायचा, जमिनीला एकदा लागला पाहिजे, लगेच मागं ओढायचा, ओढताना दुसऱ्यांदा लागला पाहिजे, एका फटक्यात दोन आवाज. माझा पहिले आठ दिवस एकच येत होता, तोही पाय खुर्चीला लागल्याचा. लाल केसांची बाई म्हणाली, ही ‘ट्रेबल’. ठीक. मग चष्मेवाली एक सापडली, ती शिकवते ‘रॅली’. मग एक टकले गुरुजी, त्यांची ‘बॅटर’. मग एक अमेरिकेतली च्युइंगम चघळणारी पोरगी, तिची ‘शफल’. आता मी पडले बी.एड. केलेली, मी वही घातली! चार रंगांची शाई, चार पानं, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, जाईला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं की साडेआठ ते साडेनऊ. दीड महिना! शेरेसुद्धा लिहिलेत, बघा, ‘रॅली समाधानकारक. बॅटरमध्ये डावा पाय कच्चा. शफलकडे लक्ष द्यावे.’

मग एकदा धीर करून टकल्या गुरुजींच्या व्हिडिओखाली विचारलं, सर, ट्रेबल झाल्यावर लगेच बॅटर घेतली तर पायाला त्रास नाही ना होणार? उत्तर आलं, इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर, ‘बाई गं, ते एकच आहे. रॅली पण तीच, शफल पण तीच. गावागणिक नाव वेगळं.’

एकच!! अहो, मग रॅली समाधानकारक आणि बॅटर कच्ची कशी काय होती? दीड महिना एकच पाय मी चार नावांनी आपटत होते! रडावं की हसावं… पण खरं सांगू? गुरुजींनी उत्तराबरोबर एक लाल बदाम टाकला होता. तो मी आठवडाभर उघडून बघत होते. वेड लागलंय म्हणा. तशी नावांची भानगड मला नवी नाही म्हणा, मी माहेरची प्रणाली, सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून माधवी झाले, शाळेच्या ग्रुपवर ‘जाईज मॉम’, आणि बिल्डिंगमध्ये ‘तीनशेदोनवाल्या’. बाई एकच. शेरा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

बरं, गुपचूप शिकावं तर तेही नाही. खालच्या मजल्यावर मनकर्णाबाई. एक दिवस दारात. “वो ताई, उन्हाळ्याचा मसाला कुटून राहिल्या का? आमच्या पंख्याची पाती हालून राहिली!” मी म्हटलं, नाही हो, नाच शिकते. “नाच? कोनता?” मी करून दाखवला. हात खाली, मान ताठ, चेहरा जसाच्या तसा. त्यांनी पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत पाहिलं, मग म्हणाल्या, “नाच म्हनाव तर हात नाई, कवायत म्हनाव तर शिट्टी नाई. तब्येत बरी हाय ना तुमची?” मी म्हटलं, बसा ना, चहा टाकते. “नाई वो, कुकर ठेवून आली,” म्हणून गेल्यासुद्धा.

सासूबाईंचा पातूरहून फोन आला, मी स्पीकरवर ठेवून सराव चालू ठेवला, वाटलं कूलरच्या आवाजात काय कळणार. त्यांचे कान म्हणजे! “काहून वं माधवी, दारावर कोन हाय? केव्हाचं ठोकून राहिलं, उघड ना!” मी म्हटलं, कोणी नाही आई, मीच आहे. “तूच? मंग बाहेर काहून उभी?”

आणि जाई. मी तिच्यासमोर एकदाच केलं. ती टेबलाखाली जाऊन बसली. म्हणाली, “मम्मी, तू कोणावर चिडलीस?” म्हटलं, अगं नाचतेय बेटा. “मग हसत का नाही?” आता या चिमुरडीला आयरिश शास्त्र कोण समजावणार!

पण शिकले हो. खरंच शिकले. पाच महिन्यांत पूर्ण एक तुकडा, दीड मिनिटाचा, एकही ठोका न चुकता. नेलपॉलिश गेलं, एक नख गेलं, पण आला. आणि गेल्या रविवारी ठरवलं, आता दाखवायचं. रविवारी दुपारी चारला त्याचा फोन येतो, त्याचा तिकडं चहा, माझा इकडं चहा. जाईला कार्टून लावून दिलं, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला, बूट चढवले, म्हटलं, विपुल, बोलू नको, फक्त बघ. आणि केलं. हात खाली, मान ताठ, चेहरा जसाच्या तसा. शेवटचा ठोका पडला आणि मी उभी, छाती भात्यासारखी, घाम डोळ्यात. तिकडून आवाज आला.

“बाप रे! हे तू कुठं शिकून राहिली?”

मी म्हटलं, आवडलं?

“अगं, भारीच! मले तर असं सात जन्मात नाई येनार. पण… कशासाठी?”

कशासाठी! म्हटलं, तुमच्या पार्टीसाठी! रिंगणासाठी! तो व्हिडिओ नव्हता का तू पाठवला?

“अगं ते? ते येगळं असते,” असं म्हणून हसला. तसाच हसला, व्हिडिओतल्यासारखा. “त्याले केयली म्हनतेत. त्यात स्टेप-बिप काई नसते, सगळ्यांनी हात धराचे अन् एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पाच मिनिटात येते. मले आलं, म्हंजे बघ!”

मी विचारलं, आणि हात? खाली नाही ठेवत?

“छे! हात तर सोडतच नाई त्यात कोनी. तू केलं ते स्टेजवरचं. सोलो. ते एकट्यानंच कराचं असते.”

मी डोळ्यातला घाम पुसला. मग मी विचारलं, व्हिसाचं काही कळलं का. म्हणाला, “बघू. आता दिवाळीनंतरच धर. बरं झालं ना, तवरीक तुझी प्रॅक्टिसबी होईल.”

हो म्हटलं. हात खाली होते, मान ताठ होती, चेहरा जसाच्या तसा. एवढं छान मला आजवर कधीच जमलं नव्हतं. लाल केसांच्या बाईनं पाहिलं असतं तर पहिला नंबर दिला असता.

तर तुम्हाला सांगते, पाच महिने, एक नख, दोन डझन खिळे, एका पायाची चार नावं, एवढा सगळा खटाटोप करून मी शिकले काय, तर एकटीनं कसं करायचं ते!

अहो, तेवढं तर मला पहिल्याच दिवशी येत होतं…