बांधावरची तिपाई आणि शेपटीचा तारा

जबाब, दि. १६/१०/२०२४

माझे नाव हौसा गणपत विशे, वय ६१ वर्षे, धंदा भातशेती, रा. किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारले ते आणि न विचारलेलेही, खरे सांगते की,

मी वरील ठिकाणी सून काजल हिच्यासह राहते. गावाच्या पश्चिमेला माझे दीड एकर भात आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात कोणाला न सांगता रस्त्याची मोजणी झाली. लोक लग्नाला गेले होते, परत आले तर बांधांवर लाल रंग फासलेले दगड. तेव्हापासून आमच्याकडे ठरले आहे की, बांधावर तीन पायांचे यंत्र दिसले की आधी थाळी वाजवायची, मग चौकशी करायची. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते.

काल दि. १५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास मी रानडुकरे आत शिरू नयेत म्हणून भाताभोवती जुन्या साड्या बांधून घरी निघाले असता, माझ्या बांधावर एक अनोळखी इसम दिसला. त्याच्यापुढे बांबूच्या तीन काठ्यांची तिपाई, तिच्यावर काळे यंत्र आणि मधोमध सुतळीला टांगलेला दगड होता. मोजणीवाले ओळंबा सोडतात तो मी पाहिलेला आहे. शिवाय इसम मोठ्याने "एक, दोन, तीन" असे मोजत होता. याला मोजणी नाही तर काय म्हणायचे, हे साहेबांनीच सांगावे.

माझ्याजवळ थाळी नव्हती, म्हणून जर्मनचा डबा विळ्याने बडवला. शेजारी भगीरथ व आणखी चार जण धावत आले. मी यंत्राच्या तोंडासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. इसम म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो काढतोय." मी म्हणाले, "जमीन माजी, नं बाजूला मी होऊ? तूच हो रे." त्यानंतर मी जागची हलले नाही.

इसमाने नाव वाल्मिक, रा. वैशाखरे, ता. मुरबाड, धंदा मुरबाड येथे पासपोर्ट फोटो काढणे, असे सांगितले. आकाशात धूमकेतू आला आहे, घराकडे ढाब्यांचे लाइट आड येतात, म्हणून मोटारसायकलने इकडे आलो, असे तो म्हणाला. दगड टांगला तो वाऱ्याने तिपाई हलू नये म्हणून आणि आकडे मोजले ते वायरचे बटण किती सेकंद दाबायचे ते कळावे म्हणून, असेही म्हणाला. भगीरथ म्हणाला, "आमाला येडं समजतो काय रे? फोटो दिवसा काढतात." वाल्मिक सारखा "वर बघा, आठच्या आत खाली जाईल तो" असे ओरडत होता. वर कोणीही पाहिले नाही. आम्ही सगळे तिपाईवर नजर ठेवून होतो.

कोणी त्याला हात लावलेला नाही. उलट काजलने चहा दिला. तो त्याने हातातच थंड केला आणि मावळतीकडे पाहत राहिला. मला तेव्हाच वाईट वाटले होते. नंतर भगीरथने कॅमेरा ठाण्यात जमा केला.

आज दुपारी चार वाजता साहेबांनी वाल्मिक यांनाही ठाण्यात बोलावून खात्रीसाठी कॅमेरा चालू करून फोटो दाखवले. त्यात मोजणीचे काही नाही. शेवटच्या फोटोत निळसर आकाशात पांढरा ठिपका आणि त्याला झाडूसारखी लांब शेपटी आहे. खाली भगीरथ व बाकीचे धुरासारखे पुसट आले आहेत. मी एकटी पदराच्या काठासकट स्वच्छ आले आहे. वाल्मिक यांनी समजावले की असा फोटो आठ सेकंद चालतो, हलेल तो पुसला जातो आणि समोरून चांदणे होते म्हणून माझा चेहराही आला. ते म्हणाले, "मावशी, इतकं गप माझ्याकडं पासपोर्टला बी कोणी बसत नाय."

मी खूप हसले. मग लाज वाटली. एवढे नवल माझ्या भातावर आले होते आणि मी त्याला पाठ दाखवून उभी होते. वाल्मिक म्हणतात, हा तारा परत यायला ऐंशी हजार वर्षे लागतील, कदाचित येणारही नाही, आणि रोज फिका होत चालला आहे. मला एकसष्ट पूर्ण आहेत. तो मला पाहायचा आहे, आणि त्यांना त्याचा मी मध्ये नसलेला एक फोटो मिळायला हवा. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली ती मी. माझी काही तक्रार नाही. कॅमेरा आत्ताच परत द्यावा.

साहेब म्हणाले की कॅमेरा परत द्यायचे कागद उद्या होतील. मी म्हणाले, "मंग माजा अंगठा बी उद्याच."

वरील जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो आहे. कॅमेरा वाल्मिक यांच्या हातात पडल्यावर, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, मी खाली अंगठा दिला. आणखी काही विचारायचे असल्यास आठनंतर विचारावे, किंवा साहेबांनी स्वतः बांधावर यावे. तोपर्यंत मी वर पाहत आहे.