ओरखडा नसलेला जॉब

ऋतिका: पण ह्या धातूच्या ठोकळ्याला पॉलिश मारायला कोणी सांगितलं होतं तुला, बाबा?

दत्ताराम: सांगाक कशाक होया? चाळीस वर्षांत ओरखडा असलेला जॉब माझ्या शेडमधून बाहेर गेला नाही. वरची बाजू नुसती खरखरीत होती. आता बघ, तुझा चेहरा दिसतोय त्यात.

ऋतिका: मला चेहरा नाही बघायचाय रे. मला ते ओरखडेच हवे होते.

दत्ताराम: ओरखडे कोणाक हवे असतत?

ऋतिका: मला. लॅबच्या लेझरवर मारून घेतलेल्या रेघा होत्या त्या. केसाहून बारीक. तुला कडेला दोन भोकं मारायला दिला होता ठोकळा. फक्त दोन भोकं.

दत्ताराम: मारली ना. पिन घालून बघ, कशी बसता ती.

ऋतिका: भोकं झकास आहेत. बाकी सगळ्याची वाट लागली.

प्रेमा: काय गं, गेटपर्यंत आवाज येतोय तुमचा. डबा घ्या आधी. रविवारीसुद्धा ह्या माणसाला घरी जेवायला नको.

ऋतिका: आई, तुझ्या नवऱ्याने माझी तीन वर्षं पॉलिश पेपरने घासून काढली.

प्रेमा: म्हणजे काय केलं ह्यांनी? मला कळेल असं सांग.

ऋतिका: ह्या ठोकळ्यावर पातळ रबर ओततो आम्ही. सुकल्यावर सोललं की रेघा त्यात उमटतात. मग त्यावर कातडीच्या पेशी सोडायच्या. त्या रेघ धरून जखमेकडे चालत जातात. तुझ्या पायाची जखम सात महिने का भरत नव्हती? कुठल्या पेशी चालतात, कुठल्या अडून बसतात, तेच तर शोधतोय. लॅबच्या शेजारच्या खोलीतली स्वरदा माणसं फूटपाथवर कशी चालतात त्यावर काम करते. ती म्हणते, तुझ्या पेशी आणि चारकोप मार्केटची गर्दी सेम वळते.

प्रेमा: मार्केटला फूटपाथ कुठे राहिलाय, गर्दी वळायला.

ऋतिका: तेच ना. बाबाने फूटपाथच उखडून टाकला.

दत्ताराम: मग परत मारून घे लेझरवर. एवढं काय त्यात.

ऋतिका: लेझरवर आता दोन महिन्यांनी नंबर. पेशी गुरुवारी येतायत हॉस्पिटलमधून, त्या काय थांबणार नाहीत. आणि माझी पीएचडीची मुदत एकतीसला संपते. एकदा वाढवून घेतली, परत कोणी देत नाही. सर म्हणत होते, भोकं मारायला बाहेर कंपनीला देऊ. मीच मोठ्या तोंडाने बोलले, माझ्या बाबांसारखं भोक मुंबईत कोणी मारत नाही.

प्रेमा: अहो, निदान फोन करून विचारायचं.

ऋतिका: विचारायची पण गरज नव्हती. ड्रॉइंगवर लाल शाईने लिहिलंय, वरच्या बाजूला हात लावू नये. मराठीत लिहिलं, खास ह्याच्यासाठी. वाचलंस का, बाबा?

दत्ताराम: ड्रॉइंग बघितलं मी.

ऋतिका: वाचलंस का?

दत्ताराम: बघितलं म्हणतोय ना. मापं तू तोंडी सांगितली होतीस, ती डोक्यात होती. बाकी मला नखाने कळतं. नख फिरवलं, खरखर लागली. ती जाईपर्यंत घासत बसलो.

प्रेमा: काल डाळीतले खडेपण नखानेच शोधत होते.

ऋतिका: हे घे. आत्ता वाच.

(दत्ताराम कागद लांब धरतो, जवळ आणतो, मग टेबलावर ठेवतो.)

दत्ताराम: उजेड नाय हयसर.

प्रेमा: दुपारचे बारा वाजलेत. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून वर्ष झालं. तेव्हापासून ह्यांचं आपलं चालूच, गणपती होऊ दे, दिवाळी होऊ दे, शिमगा होऊ दे. थकले मी बोलून.

ऋतिका: मग भोकं कशी मारलीस इतकी अचूक?

दत्ताराम: माझा हेल्पर गुणाजी मशीनच्या मीटरवरचे आकडे वाचून दाखवतो. हात माझा.

ऋतिका: आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?

दत्ताराम: काय सांगू? तू जगाला सांगत फिरतेस, बाबासारखं भोक कोणी मारत नाही.

प्रेमा: आता जेवा तरी दोघं.

दत्ताराम: रेघांत अंतर किती होतं गो?

ऋतिका: पन्नास मायक्रॉन. खोली दहा. सोड ना बाबा, लेझरचं काम आहे ते.

दत्ताराम: लेझर नव्हता तेव्हा मोजपट्ट्यांवरच्या बारीक रेघा ह्याच मशीनवर मारल्यात. हिऱ्याचं टोक आहे त्या डब्यात. जाडी थोडी कमीजास्त झाली तर चालेल तुझ्या पेशींना?

ऋतिका: जाडी चालेल. सगळ्या एका दिशेने हव्यात. पण चारशे रेघा आहेत.

दत्ताराम: गुरुवार लांब आहे. आणि रेघ मारायला वरची बाजू साफ लागते. ती मी केलीय आधीच.

ऋतिका: वा. वरून हे ऐकायचं.

प्रेमा: आणि एखादी चुकली तर?

ऋतिका: चुकली तर चुकली, आई. असंही हातात काय राहिलंय? पण बाबा, शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी तारीख घेतेय. शिमगा वगैरे ऐकणार नाही.

दत्ताराम: घे. ऋतू, गुणाजी गावाक गेलो. तू मीटर वाच. माका दिसत नाय.

प्रेमा: डबा निवतोय.

ऋतिका: राहू दे, आई. बाबा, मीटरवर झीरो आलं. चालव हात.