तांबोळ गल्लीत न मावणारा ट्रक

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, यात्रा कमिटीचे चेअरमन माननीय दादासो. तासगावाहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरील मानकरी मंडळी. सत्कारमूर्ती हुसेनभाई आणि फरीदावहिनी. आणि देवळाच्या मंडपात मघापासून ताटकळलेल्या माझ्या माय-बहिणींनो, बंधूंनो, आपणा सर्वांना या आकारामचा नमस्कार.

मला आभार मानायला उभं केलंय. माझी हरकत नाही. पण आभार कशाचे, हे आधी कळायला नको का? पत्रिकेत छापलंय, 'हुसेनभाईंच्या सेवेबद्दल कृतज्ञता व निरोप'. निरोप? भाई कुठं निघालेत? मी मघाशी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "मी कुठं चाललोय गड्या? मला बी हितं आल्यावरच कळलं."

पाहुण्यांसाठी सांगतो, कारण आधीच्या एवढ्या भाषणांत हे कुणी सांगितलं नाही. आमच्या बिरोबाची पालखी यात्रेदिवशी तांबोळ गल्लीत शिरते आणि हुसेनभाईंच्या दारात थांबते. वहिनी आम्हा खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, भाई पालखीवर नवी शाल घालतात, आणि मगच पालखी देवळाकडं वळते. भाईंच्या आजोबांपासून हे असंच चाललंय. मोहरमात पिरांचे पंजे माझ्या दारात थांबतात, तवा माझी पत्नी हरणाबाई मलिद्याचं ताट घेऊन उभी असते. आम्हाला कुणी एकोपा शिकवायला आलं नव्हतं. सण असाच करायचा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

यंदा पालखी गल्लीत जाणार नाही म्हणे. का? तर डीजेचा ट्रक गल्लीत मावत नाही. मला वाटलं, मावत नसेल तर ट्रक बाहेर थांबेल. मीटिंगमध्ये तसं बोललोही. तर चांगली केस पिकलेली माणसं म्हणाली, "आवं, मिरवणुकीचा शो जातोय." देवाला कानात बोटं घालायची पाळी आणायची आणि त्याला शो म्हणायचं. बरं, भाईंचा मान काढला, हे तोंडानं सांगायची लाज वाटली. म्हणून हा हार, हा नारळ, ही शाल. अध्यक्ष महोदय, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

परवा वहिनींनी हरणाबाईला विचारलं, "यंदा दारात सडा घालू का नको, तेवढं इचारून सांगा." ते ऐकून मी भरल्या ताटावरून उठलो. स्वतःच्या दारात सडा घालायचा की नाही, हे त्या बाईनं गावाला विचारायचं? कुठं नेऊन ठेवलंत तुम्ही आम्हाला?

दादासो, पालखी ट्रकवर नसते, खांद्यावर असते. पुढचा डावा खांदा माझा, उजवा माझा पुतण्या मल्हारचा. मागच्या दोघांना मी इथं यायच्या आधीच विचारून घेतलंय. ट्रकनं हमरस्त्यानं खुशाल जावं. ज्यांना त्याच्यामागं नाचायचंय त्यांनी नाचावं. आम्ही गल्लीत वळणार.

आता आभार. पाहुण्यांनी एवढं ऊन सोसून येणं केलं, मंडपवाल्यानं मंडप दिला, बायकांनी चहा केला, सगळ्यांचा ऋणी आहे. कमिटीचे विशेष आभार, शाल चांगली भारी बघून आणलीत. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला.

भाई, ती शाल खांद्यावरून काढा आणि घडी घालून नीट ठेवा. रविवारी आम्ही दारात आलो की पालखीवर तीच घाला. आणि वहिनी, सडा घाला.